गोळीचा पूर्वपक्ष

सोमवार, ४ मार्च

आज रात्रीच्या जेवणातही गर्भाशयाचाच विषय निघाला. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी आत्मा, माया आणि मोक्ष यांवर पुष्कळ वाद ऐकले, काही जिंकलेही. परंतु एका अवयवावर इतके अविद्वान भाषण ऐकण्याचा योग निवृत्त होऊन धाकट्या भावाच्या घरी राहायला आल्यावरच आला. एका बाजूस माझी भावजय, जिचे वैद्यकज्ञान मोबाइलवरच्या चित्रफितींत उगम पावते आणि तेथेच आटते. दुसऱ्या बाजूस तिची मुलगी, माझी भाची, जी उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवते आणि वाद घालताना हातात दांडा असल्यासारखे हातवारे करते. मध्ये माझा भाऊ. तो वर्तमानपत्रामागे असतो. त्याला पक्ष नाही.

भाचीला बांधकामावरची माणसे 'घार' म्हणतात. मला हे नाव प्रथम ग्राम्य वाटले. मग लक्षात आले की तिच्या आईने ठेवलेल्या सर्व लाडक्या नावांपेक्षा यात अर्थ अधिक आहे. म्हणून मीही तेच वापरते.

घारीला व्याधी आहे. गर्भाशयाच्या आत जसे अस्तर असते तसेच अस्तर बाहेर, नको त्या जागी वाढते आणि दर महिन्याला तेथेच सुजून बसते, असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे. नाव एंडोमेट्रिओसिस. असे नाव ठेवणाऱ्यांना रोगी बरा करण्यापेक्षा दिपवण्यात रस असावा. उपाय म्हणून संप्रेरकांची गोळी दिली आहे, रोज एक. गर्भ राहू नये म्हणून बायका घेतात तीच. पाकीट कपाटात न फोडता पडले आहे. कारण पाकिटातला कागद भावजयीने वाचला.

"लग्नाच्या आधी असली गोळी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण सांगणारे आई? तूच ना?"

"आणि पुढं मूलबाळ झालं नाही म्हणजे?"

"मला आत्ता जिना उतरता येत नाही, आणि तू पाळणा टांगायला निघालीस."

"तीन महिने काढा घेतलास, अजून तीन घे. निसर्गाला वेळ द्यावा लागतो."

"निसर्गानंच तर केलंय हे!"

"मीठ द्या जरा," भाऊ म्हणाला.

शेवटी भावजयीने पदर खोचून जाहीर केले, "वन्सं सांगतील ते शेवटचं. त्या हो म्हणाल्या तर मी तोंडातून शब्द काढणार नाही."

घार माझ्याकडे बघत राहिली. "चालेल. आत्या कुणाच्याही बाजूनं लबाडी करत नाही. पण लवकर सांग गं. महिनाअखेरीला मोठ्या क्रेनवर कोण बसणार ते ठरणारे. आत्तासारखी मधेच खाली उतरले तर मला परत कुणी वर चढवणार नाही."

मी मध्यस्थी स्वीकारली. माझे मत अर्थात ठरलेले आहे: गोळी नको. देहाच्या प्रत्येक कुरकुरीपुढे औषध ठेवणारी ही पिढी उद्या जांभईवरही उपचार मागेल. तथापि आमच्या शास्त्राची एक रीत आहे. प्रतिपक्ष खोडण्यापूर्वी तो प्रथम मांडावा लागतो, आणि तोही प्रतिपक्षी स्वतः मांडील त्याहून चांगला. यालाच पूर्वपक्ष म्हणतात. जो दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडतो, त्याने केवळ बुजगावणे पाडलेले असते. चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना हेच शिकवले. तेव्हा गोळीचा पूर्वपक्ष मीच लिहीन. मग उत्तरपक्षात तिचा निकाल लावीन.


गुरुवार, ७ मार्च

वेदनेविषयी मला कोणी शिकवू नये. सोळाव्या वर्षापासून मी दर महिन्याला त्या दिवसांत मौन पाळले. मागच्या खोलीत, दार लावून, ग्रंथ मिटून, अन्न वर्ज्य करून. घरात सर्वांना ठाऊक असे की ताईचे मौन आहे. माझ्या बुद्धीला जी काही धार आली ती त्या निवृत्तीमुळे, अशी माझी श्रद्धा आहे. पन्नासाव्या वर्षी वृत्ती आपोआप स्थिर झाल्या आणि व्रताची आवश्यकता उरली नाही. देवाने फळ दिले.

घारीस हे सांगितले तर ती म्हणाली, "आत्या, मला मौन परवडत नाही. माझ्या कानात दिवसभर वायरलेस असतो."


शनिवार, ९ मार्च

भावजयीच्या निसर्गोपचारकाकडे जाऊन आले. घार त्याला 'काढेवाला' म्हणते. प्रतीक्षागृहात विजेवर चालणारा छोटा धबधबा आहे. पाणी तेच तेच फिरते. त्याच्या बोलण्यावर याहून नेमके भाष्य मला करता आले नसते.

गृहस्थ गोड आहे. त्याने डोळे मिटून एक संस्कृत श्लोक म्हटला, जो त्याच्या मते प्राचीन आहे. दुसऱ्या चरणात एक मात्रा कमी होती आणि चौथ्यात क्रियापदच नव्हते. मी दोन्ही दाखवून दिले. तो हसला. म्हणाला, "भाव महत्त्वाचा, बाई." निर्लज्जपणाला हल्ली भाव म्हणतात.

"शरीराला सगळं कळतं. फक्त ऐकायला हवं," तो म्हणाला.

"शरीराला सगळं कळत असेल तर तुमची गरज काय?"

"मी दुभाषी."

हे उत्तर बरे होते. मी टिपून घेतले.

"तुमच्या काढ्यानं किती जणी बऱ्या झाल्या?"

"पुष्कळ! मोजत नाही मी."

"आणि ज्या झाल्या नाहीत?"

"त्या परत येत नाहीत ना."

भावजयीने अभिमानाने माझ्याकडे पाहिले. तिला हे उत्तर विजयासारखे वाटले.

तरीही न्याय म्हणून त्याच्या पक्षातले चांगले तेवढे वेचून घेतले: पोटाला शेक, चालणे, वेळेवर झोप, हलका आहार. याने क्लेश थोडे कमी होतात, हे घारही मान्य करते. शिवाय गोळी रोग मुळापासून काढत नाही, हा त्याचा आक्षेप खरा असल्यास वजनदार आहे. हे सर्व त्याला स्वतःला इतक्या थोडक्यात मांडता आले नाही; त्याचा अर्धा तास वातावर गेला. निघताना म्हणाला, "ते गोळ्यांचं पाकीट इथंच आणून द्या. आपण ते विसर्जित करू." मी म्हटले, "आधी श्लोक दुरुस्त करा."


बुधवार, १३ मार्च

डॉक्टरीणबाई. वय माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढे. टेबलावर प्लॅस्टिकचे गर्भाशय, त्याचे झाकण उघडते. बोलताना बाई ते झाकण उघडझाप करत होत्या, डबीशी चाळा केल्यासारखे. मला आल्या आल्या 'आजी' म्हणाल्या. मी कुणाची आजी नाही. मी तसे सांगितले. मग त्या 'मॅडम' म्हणू लागल्या, जे अधिक वाईट.

पण प्रश्नांना उत्तरे सरळ दिली, हे नोंदवले पाहिजे.

"रोग जातो का?"

"नाही, मॅडम. शांत राहतो."

"म्हणजे काढेवाल्याचा आक्षेप खरा."

"खरा आहे. पण काढ्यानंही जात नाही, आणि शांतही राहत नाही. शेक घेऊ दे, चालू दे, त्याला माझी ना नाही. काय काय घालून उकळतात ते मात्र मला दाखवा. काही वनस्पती गोळीचं काम बिघडवतात."

"मूल?"

"हवं असेल तेव्हा गोळी बंद करायची. गोळीनं ती क्षमता जात नाही. हा आजार वाढत गेला तर कमी होऊ शकते. तिच्या अंडाशयावर जुन्या रक्ताची गाठ दिसतेय. आणखी खात्री दुर्बीण घालूनच होते, पण त्यासाठी उपचार अडवून ठेवायची गरज नाही."

"अपाय?"

त्यांनी बोटांवर मोजत सांगितले: सुरुवातीला मळमळ, मधेच रक्ताचे डाग, काहींना उदासी, डोकेदुखी, क्वचित रक्ताची गुठळी, म्हणून रक्तदाब पाहिला, धूम्रपान विचारले, अर्धशिशी विचारली. एक गोळी मानवली नाही तर दुसऱ्या प्रकारची असते. काही लपवले नाही. आपल्या पक्षाचे दोष स्वतःहून मांडणारा प्रतिपक्षी मला चाळीस वर्षांत दोनदाच भेटला, आणि दोघेही वाद हरले होते. बाईंना मी हे ऐकवले. त्या हसल्या.

मग पूर्वपक्षासाठी मी व्याधीचे लक्षण, म्हणजे व्याख्या, विचारले. रोगी कसा ओळखावा? त्या सांगत गेल्या, मी उतरवून घेत गेले. माझे लिहिणे संपते न संपते तोच त्यांनी विचारले, "तुमची पाळी कधी गेली, मॅडम?"

"पन्नासाव्या वर्षी. तुमचा संबंध?"

"काही नाही. आणि त्याआधी त्रास?"

"मला कधी कसला त्रास नव्हता. माझे मौन असे."

त्यांनी प्लॅस्टिकचे झाकण लावून टाकले आणि पुन्हा उघडले नाही. आगाऊ मुलगी.


शुक्रवार, १५ मार्च

पूर्वपक्षाला साक्षीदार हवा, म्हणून बांधकामावर गेले. पिवळे शिरस्त्राण घातले. अशा टोपीखाली कोणीही विद्वान दिसू शकत नाही. तेथील अभियंत्यांकडे पाहून याची खात्री पटली.

घार वर, काचेच्या पिंजऱ्यात. खालून तिला भार कुठे न्यायचा हे वायरलेसवर सांगणारा एक संकेतवाला आहे. तो तिला 'घारताई' म्हणतो आणि मला लगेच 'आत्याबाई' म्हणू लागला. सारखा तंबाखू चघळतो. त्यामुळे त्याच्या प्रत्येक आज्ञेत ओलावा असतो.

सळयांचा मोठा भारा वर चढत होता. अर्ध्यावर थांबला. वायरलेसमधून घारीचा आवाज आला, "धरून ठेवते. खाली कुणी येऊ नका."

"झालं सुरू," संकेतवाला म्हणाला आणि हात पसरून सगळ्यांना मागे सारले. काम थांबले. माणसे पाण्याची बाटली उघडून उभी राहिली, जसे पाऊस थांबायची वाट पाहतात. कोणी चिडले नाही. मला हे विचित्र वाटले.

"नेहमी होतं का असं?"

"महिन्याचं महिन्याला. भार एक वीतभर हललेला नाही कधी, सांगतो तुम्हाला. पण मोठ्या क्रेनखाली अशी वाट बघणारी माणसं नसतात, आत्याबाई. तिथं लगेच दुसरा चढवतात."

मी वायरलेस त्याच्या हातून घेतला. "घारी, आत्या बोलतेय. मन श्वासावर आण. मी म्हणते तसं मागोमाग म्हण." आणि मी स्तोत्र सुरू केले. ते तेथील सर्वांच्या कानांत गेले असावे, कारण मिस्तरी टोप्या काढू लागले.

"आत्या," वरून आवाज आला, दात आवळलेला, "बंद कर. तुझ्या मागोमाग म्हणायला गेले आणि हात सुटला तर माणसं मरतील."

मी थांबले. बटण दाबलेलेच राहिले होते की तिने दाबून ठेवले होते, कोण जाणे. काही वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. आत घेतलेला, अडवलेला, तुकड्यातुकड्यांनी सोडलेला. तो आवाज मी पूर्वी कोठेतरी ऐकला आहे. कोठे, ते आठवेना. फार जवळून ऐकला आहे, एवढे खरे.

मग भारा हळूच वर गेला आणि जागच्या जागी टेकला. खाली उतरल्यावर घार शिडीच्या पायथ्याशीच बसली. तोंड पांढरे. मी विचारले, "वर काय करतेस त्या वेळी?"

"जमिनीत काच आहे ना केबिनच्या, तिच्या कडेला एक बोल्ट आहे. त्याच्याकडे बघते. दुसरं काही बघितलं की ओकारी येते."

चित्ताची एकाग्रता. बीज चांगले आहे, शिकवण नाही, असे मी मनात म्हटले. मोठ्याने म्हणाले नाही; ती थुंकत होती.


रविवार, १७ मार्च

आज पूर्वपक्ष पुरा केला आणि जेवणानंतर सर्वांसमोर वाचला. भाषेविषयी मी समाधानी आहे. डॉक्टरीणबाईंना स्वतःचे मत इतके सुसंगत कधी दिसले नसेल.

आरंभ लक्षणाने केला: "दर महिन्याला ठरावीक काळी येणारी, ओटीपोटात सुरू होऊन कंबरेतून एका मांडीत उतरणारी, शौचास बसतानाही शस्त्रासारखी जाणवणारी, अन्न नकोसे करणारी, उभे राहू न देणारी, आणि पाळी कायमची थांबली की बहुधा शमणारी जी वेदना..."

वर्तमानपत्र खाली आले. हे या घरात क्वचित घडते.

"ताई," भाऊ म्हणाला, "हे तर तुझं मौन."

"म्हणजे?"

"आई आम्हाला सांगायची, ताईचं मौन आहे, मागच्या खोलीत जायचं नाही. मी एकदा चेंडू आणायला शिरलो होतो. तू फरशीवर पडली होतीस. उशी दातात धरून."

"ते प्रत्याहाराचं आसन होतं."

"असेल," भाऊ म्हणाला. पण वर्तमानपत्र पुन्हा वर घेतले नाही.

मी शांतपणे स्पष्ट केले. या ठिकाणी लक्षणातच दोष आहे. जे लक्षण ज्याचे असावे त्याच्या बाहेरच्या वस्तूलाही लागू पडते, ते अतिव्याप्त. 'शिंगे असलेला तो बैल' असे म्हटले तर बोकडही बैल ठरतो. तसेच येथे. मी कधीही आजारी नव्हते. तरी हे लक्षण मला लागू पडते. म्हणून लक्षण सदोष. म्हणून डॉक्टरीणबाईंना रोग ओळखताच येत नाही. पूर्वपक्षाच्या पहिल्याच पायरीवर प्रतिपक्ष कोसळतो. असा स्वच्छ विजय मला फार वर्षांत मिळाला नव्हता.

टाळ्या अपेक्षित नव्हत्या. पण इतकी शांतताही अपेक्षित नव्हती.

"आत्या," घारीने हळू विचारले, "मौन सुटलं कधी तुझं?"

"पन्नासाव्या वर्षी. वृत्ती स्थिर झाल्या."

"वन्सं," भावजय म्हणाली, "पन्नाशीत सगळ्यांच्याच वृत्ती स्थिर होतात."

आणि तिने माझ्याकडे पाहिले. कुंडीतल्या सुकलेल्या रोपाकडे ती अशी पाहते. मग उठून माझ्यासाठी पाणी गरम करून आणले, जे मी मागितले नव्हते. या बाईच्या डोक्यात काय चालते, ते समजण्याची मला इच्छा नाही.


मंगळवार, १९ मार्च

उत्तरपक्ष सुरू केला. एक परिच्छेद. फाडला.


बुधवार, २० मार्च

अडचण अशी आहे. माझा मुख्य मुद्दा: वेदना औषधावाचून सहन करता येते, आणि त्यातून मनुष्य उन्नत होतो. प्रमाण काय? प्रमाण मी. मी ती सहन केली.

परंतु मी 'ती' सहन केली असे म्हटले, तर ती वेदना आणि घारीची वेदना एकच, असे मान्य होते. मग लक्षण मला योग्यच लागू पडते आणि अतिव्याप्तीचा आक्षेप जातो. उलट आक्षेप टिकवायचा तर मला ती व्याधी नव्हतीच असे म्हणावे लागते. मग मी कशाची साक्षीदार? ज्याने समुद्र पाहिला नाही त्याने पोहण्याचा उपदेश करू नये.

दोन्हीकडून फास. विद्यार्थ्यांना अशा जागी अडकलेले पाहून मला एके काळी फार आनंद होत असे.

प्रार्थनेत मन लागले नाही.


शुक्रवार, २२ मार्च

निर्णय दिला. सर्वांना बसवून सांगितला, शब्द न शब्द येथे उतरवते:

"काढेवाल्याचा पक्ष ऐकला. त्याच्याजवळ शेक आहे, चालणं आहे, आणि एक मोडका श्लोक आहे. पहिल्या दोन गोष्टी घारीनं चालू ठेवाव्यात. तिसरी कुणीही चालू ठेवू नये. गोळीच्या विरुद्ध बोलायला एकच साक्षीदार होती, ती मी. त्या साक्षीदाराला मी अपात्र ठरवलं आहे. कारण विचारू नये. विरुद्ध पक्षाला साक्ष उरली नाही, म्हणून निर्णय गोळीच्या बाजूनं. लक्षणावरचा माझा आक्षेप कायम आहे."

"म्हणजे घ्यायची?" भावजयीने विचारले.

"मराठीत सांगितलं ना."

"नाही, ते कळलं नाही म्हणून विचारलं हो."

घारीने पाकीट आणले, गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला अडवले. मध्यस्थाच्या पाया पडले तर निर्णयावर संशय येतो.

भावजयीने शब्द पाळला. तोंडातून शब्द काढला नाही. भांडी मात्र बराच वेळ बोलत होती.


सोमवार, ८ एप्रिल

गोळी म्हणजे अमृत नव्हे, हे मी पूर्वपक्षातच लिहिले होते. मळमळ. डाग. काल घार टूथब्रश पडला म्हणून रडली, आणि मग आपण रडलो म्हणून चिडली. मोठी क्रेन दुसऱ्या कोणाला मिळाली. तिला 'पुढच्या खेपेस बघू' म्हणाले आहेत. काढेवाल्याने भावजयीला निरोप पाठवला की दार उघडे आहे. मी उलट निरोप पाठवला की दाराबरोबर तोंडही उघडे आहे, ते तरी लावावे.

घारीला विचारले, "सोडायची आहे का?"

"नाही. डॉक्टर म्हणाल्या तीन महिने बघू. नाही जमलं तर दुसऱ्या प्रकारची." मग म्हणाली, "तू सोड म्हणतेस?"

"मी अपात्र साक्षीदार आहे. मला विचारू नकोस."

ती हसली. तिचे हसणे अंगावर यावे तसे मोठे आहे. उंचीवर काम केल्याने असेल.


शनिवार, ११ मे

या महिन्यात घार शिडीवरून मधेच खाली आली नाही. संकेतवाल्याने तिच्यामार्फत मला सांगून पाठवले, "आत्याबाईंना म्हणावं, आमची पाणी प्यायची सुट्टी गेली." या माणसांना कृतज्ञता कशी व्यक्त करावी हेही येत नाही.


गुरुवार, २० जून

मोठ्या क्रेनवर बसणारा सोडून गेला आणि ती घारीला मिळाली. आज पहिला दिवस. मी बांधकामासमोरच्या बाकावर सकाळपासून बसले होते. जप करत होते, पाहत नव्हते. तरी दिसले. काँक्रीटची एक अख्खी भिंत जमिनीवरून सुटली, सरळ वर गेली, वळली, आणि टेकली. मग दुसरी. मग तिसरी. कोणीही कुठेही थांबले नाही. दुखण्याचे दिवस तिने मला सांगितलेले नाहीत, पण मला माहीत असतात; आज त्यांतला होता.

संध्याकाळी ती आली, बूट काढले, माझ्या पलंगावर आडवी झाली.

"दुखलं?"

"थोडं. शेक घेतला सकाळी. काम करता येतं इतकंच." मग छताकडे पाहत म्हणाली, "गंमत सांगू? आज नव्या केबिनमध्ये बसले आणि आधी तो बोल्ट शोधला. सवयीनं. या क्रेनला तिथं बोल्टच नाही."

मी तिच्या पायांवर पांघरूण ओढले.

"आत्या, मौनात तू काय करायचीस गं आत? इतकी वर्षं?"

"चिंतन."

"कशाचं?"

"ते तुला कळणार नाही," मी म्हटले. तिने जास्त विचारले नाही. झोप लागली तिला.

तिच्या शेजारी बसून मी प्रामाणिकपणे आठवू लागले. चौतीस वर्षे, दर महिन्याला. त्या दिवसांत सुचलेले एक तरी सूत्र, एखादा अर्थ, एखाद्या शंकेचे निरसन. मला लहानपणी पाठ केलेले सर्व आजही तोंडपाठ आहे; पण त्या खोलीतले काही म्हणून आठवेना. आठवते ती फरशी. खिडकीपासून दुसरी. तिच्यात नदीसारखा तडा गेलेला होता, आणि मध्यावर त्याला एक फाटा फुटला होता. फाट्याच्या टोकाशी थोडी माती साठे. गाल टेकला की गार लागे. त्या तड्याचे प्रत्येक वळण मी आजही काढून दाखवू शकेन. आणि तो श्वास, तुकड्यातुकड्यांनी सोडलेला, जो मी वायरलेसवर ऐकला. तो फार जवळून ऐकला होता, असे मी लिहिले आहे.

घार झोपली असताना पूर्वपक्षाची पाने काढली. लक्षणाच्या परिच्छेदाखाली नवी ओळ लिहिली, तारीख घातली:

'लक्षण निर्दोष आहे. अतिव्याप्तीचा आक्षेप मागे घेतला.'

भावजयीला हे सांगणार नाही. तिला ते मार्चपासून माहीत आहे, आणि तिने ते एकदाही बोलून दाखवलेले नाही. त्या बाईकडून मला ही अपेक्षा नव्हती.